स्टेशन ते स्टेशन : होप खोऱ्यातल्या धाववाटांच्या नोंदी

४ फेब्रुवारी

गेल्या रविवारी वहिनींकडे हळदीकुंकू होतं. वाण घेऊन निघताना त्यांनी दारात थांबवून विचारलं, "वॉर्डाच्या खिडकीतून ते तपकिरी डोंगर रोज दिसतात बघ. तीन वर्षं झाली इथं येऊन. तिथं जायला परवानगी लागते का गं?"

नाही लागत, असं सांगितलं. पण तेवढ्याने त्या जाणार नाहीत हे घरी येईपर्यंत कळलं होतं. गाडी नाही, सोबत नाही, वाट कुठून सुरू होते ते माहीत नाही. इंग्लंडमधल्या आमच्या शेफिल्ड शहराचा साधारण तिसरा हिस्सा पीक डिस्ट्रिक्ट राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतो, आणि इथल्या आम्हा मराठी मंडळींतली निम्मी माणसं तिथं एकदाही गेलेली नाहीत.

म्हणून हे काम घेतलं. शेफिल्ड सोडलं की रेल्वे टॉटलीच्या पावणेसहा किलोमीटर लांब बोगद्यात शिरते. बाहेर पडते तेव्हा आपण ग्रिंडलफर्डला असतो. पुढे हॅदरसेज, बॅमफर्ड, होप, ईडेल. या पाच स्टेशनांना धरून पाच वाटा आखायच्या. एका स्टेशनावर उतरायचं, मूरवरून, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या मोकळ्या जमिनीवरून, किंवा नदीकाठाने पळायचं आणि दुसऱ्या स्टेशनावर गाडी पकडायची. प्रत्येक वाटेचं वर्णन मराठीत, दोन पानांत. घड्याळात भरायची फाईल देईनच, पण फाईल बंद पडली तरी माणूस घरी यायला हवा.

११ फेब्रुवारी

नकाशे पसरून बसले. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा-संस्थेचे दोन लागले, ओएल १ आणि ग्रिंडलफर्डच्या बाजूसाठी ओएल २४. चार सेंटिमीटरला एक किलोमीटर. फिकट पिवळ्या रंगाची जमीन म्हणजे मोकळी जमीन. २००० सालच्या कायद्याने तिथं पायी कुठंही फिरता येतं, पळताही येतं. तिच्याबाहेर, म्हणजे शेतांतून, हिरव्या तुटक रेघेने दाखवलेल्या पायवाटेवरूनच जायचं. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर नकाशावर रंगात छापलेलं आहे, म्हणून पहिल्या पानावर तेच टाकलं.

शब्दांचं काम जास्त वेळ खाणार असं दिसतंय. इथल्या शेतांच्या कडेने चुना-माती न वापरता रचलेल्या दगडी भिंती असतात. त्याला आपल्याकडे गडगा म्हणतात, दुसरा शब्द शोधायला नको. गडग्यावरून चढून पलीकडे जायची जागा म्हणजे कोकणातलं बेडं. उभ्या कड्यांच्या मधल्या अरुंद उतरणीला नाळ. माथ्यावरच्या सपाट, वाऱ्याने झोडपलेल्या जमिनीला सडा. मूर म्हणजे सडाच, फक्त जांभ्याऐवजी खाली पीट आहे, अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, ओली माती. मी साताऱ्याची, यवतेश्वरच्या चढावर पळायला शिकले. हे शब्द पायांना माहीत आहेत.

२५ फेब्रुवारी

वाट पहिली : ग्रिंडलफर्ड ते हॅदरसेज, पॅडलीची घळ आणि बर्बेजवरून. सुमारे ११ किमी.

स्टेशनातून निघालं की पाच-सात मिनिटांत घळीत शिरतो. जुने ओक, वाकडेतिकडे, खोडांवर शेवाळ चढलेलं. खाली बर्बेजचा ओढा दगडांतून आवाज करत डर्वेंट नदीला मिळायला निघालेला. इथं पळता येत नाही हे आधीच लिहिलं. मुळं आणि ओले धोंडे यांच्यामधून पाय टाकत चढायचं. घळ संपते आणि एकदम आभाळ उघडतं, पुढे सगळी मोकळी खोलगट दरी. ओढ्याच्या काठाने वरच्या पुलापर्यंतचा रस्ता रुंद आहे, तिथं लय सापडते.

मग हिगर टॉर, ४३४ मीटर. समोर जरा खाली कार्ल वार्क, दगडी तटबंदी असलेला जुना किल्ला. भाचा सोबत होता. तो तटावर हात ठेवून म्हणाला, "आत्या, हा तर आपल्याकडचा गड वाटतो." मलाही तसंच वाटलं होतं. रचलेले मोठे चिरे आणि तीन बाजूंनी कडा.

वाटेत जात्यासारखे गोल दगड पडलेले दिसतात, माणसाच्या छातीएवढे. इथल्या वाळूच्या खडकातून गिरण्यांची जाती घडवायचे. धंदा बसला तेव्हा घडवून झालेली जाती तिथंच राहिली. ओळखीच्या खुणा म्हणून ती उत्तम आहेत, त्यांच्यावर गवत वाढलं तरी ती हलत नाहीत. नोंद : 'जात्यांच्या ढिगापाशी उजवीकडची वाट सोडा.'

१० मार्च

वाट दुसरी : बॅमफर्ड ते ग्रिंडलफर्ड, डर्वेंटच्या काठाने. सुमारे १० किमी, जवळजवळ सपाट.

ही नवशिक्यांसाठी, म्हणून सोपी धरली होती. तसं झालं नाही. दोन दिवस पाऊस होता आणि नदी गढूळ, काठोकाठ. हॅदरसेजच्या वर पात्रात ओळीने दगड मांडले आहेत, पलीकडे जायला. नकाशावर ते किती गोड दिसतात. आज त्यांच्यावरून पाणी चाललं होतं, आणि एक माणूस बूट हातात घेऊन उतरायच्या तयारीत उभा होता. मी त्याला थांबवलं. पुढे लेडमिलचा पूल आहे, आपली वाट तशीही त्याच काठाने पुलापर्यंत जाते. पानावर ठळक लिहिलं : दगडांवरून नदी ओलांडायची नाही, पाणी कमी असलं तरी नाही. पळताना ओल्या दगडावर पाय सरकायला पाणी जास्त असावं लागत नाही.

लेडमिलच्या पुढे झाडीतली वाट चिखलाने भरलेली. वेळ अंदाजापेक्षा पंचवीस मिनिटं जास्त लागला. पावसानंतरचा वेळ आणि कोरड्या दिवसाचा वेळ वेगळे लिहायचे.

१७ मार्च

फक्त ईडेलहून जेकब्स लॅडरपर्यंत जाऊन आले, चौथ्या वाटेची पाहणी. वरच्या बाजूला डोंगरी ससा दिसला, पांढराशुभ्र. बर्फ वितळलं आहे आणि त्याचे केस अजून बदललेले नाहीत, त्यामुळे तपकिरी उतारावर दोनशे पावलांवरूनही दिसत होता. इंग्लंडमध्ये हे ससे फक्त याच डोंगरांत आहेत. मी थांबले, तोही थांबला.

३१ मार्च

आज घड्याळं पुढे गेली. संध्याकाळी कामावरून सुटून आता एक वाट होऊ शकते.

वेळेचं सूत्र ठरवलं. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी आडाखा मांडला : तीन मैलांना एक तास आणि वर प्रत्येक दोन हजार फूट चढाला आणखी एक तास. म्हणजे दहा मीटर चढाला एक मिनिट. चढाचा हा भाग तसाच ठेवला, सपाटीचा बदलला. आपल्या मंडळींसाठी किलोमीटरला आठ मिनिटं. चौथ्या वाटेचे १४ किमी आणि साधारण ५०० मीटर चढ धरला तर दोन तास बेचाळीस मिनिटं होतात. परतीची गाडी पकडायची तर त्यावर तास शिल्लक हवा.

कोकरं झाली आहेत. शेतातून जाताना मेंढी आणि कोकरू यांच्या मधून पळायचं नाही, वळसा घालायचा. प्रत्येक फाटक आपल्यामागे लावायचं. ही दोन वाक्यं पाचही पानांवर येतील.

२४ एप्रिल

ही तारीख मुद्दाम धरली. १९३२ मध्ये याच दिवशी शेकडो कामगार पोरं-पोरी पलीकडच्या हेफील्डच्या बाजूने किंडर स्काउट या उंच सड्यावर चढून गेली. तेव्हा हे सडे शिकारीसाठी राखलेले होते आणि पायी माणसाला मज्जाव होता. बेनी रॉथमन त्यांचा म्होरक्या, वीस वर्षांचा. राखणदारांशी झटापट झाली, सहा जणांना पकडलं, पाच जणांना तुरुंगात पाठवलं. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनमधलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज मी ईडेलला गाडीतून उतरून कुणालाही न विचारता वर जाते, त्यामागे ती पोरं आहेत. वहिनींना 'नाही लागत' असं दोन शब्दांत सांगितलं होतं, ते पुरेसं नव्हतं. चौथ्या पानाच्या सुरुवातीला हे सविस्तर लिहिलं.

वाट चौथी : ईडेल, जेकब्स लॅडर, किंडर लो, सड्याच्या दक्षिण कडेने ग्रिंड्झलो नोल, परत ईडेल. 'स्टेशन ते स्टेशन' यात एकच स्टेशन दोनदा येतं, चालेल.

वर जाईपर्यंत स्वच्छ होतं. किंडर लोचा पांढरा खांब, ६३३ मीटर, गाठला आणि ढग खाली आला. इथं मी चूक केली. खरा सर्वोच्च बिंदू ६३६ मीटरचा आहे, ईशान्येला आत पीटमध्ये, खूण काहीच नाही. तो बघून येऊ म्हणून वाट सोडली. पीटमध्ये पाण्याने कापलेल्या चरांचं जाळं आहे, काही माझ्या डोक्याहून खोल. एका चरात उतरलं की दिसतं ते फक्त काळी भिंत आणि वरची पांढरी फट. बाहेर चढलं की पुढे दुसरा चर. दहा मिनिटांत दिशा गेली. फोनवरचा बाण माझ्याबरोबर गोल फिरत होता.

पायाशी पाणी वाहत होतं. पाण्यामागे जावं असं वाटलं, आणि लगेच वडिलांचा शब्द आठवला : अनोळखी डोंगरात पाण्याच्या वाटेने उतरू नये, ती कड्यावर नेऊन सोडते. इथं ते जसंच्या तसं लागू आहे. पश्चिमेकडे गेलेलं पाणी किंडर नदीला मिळतं, आणि ती सड्याच्या कडेवरून तीस मीटर खाली कोसळते. होकायंत्र काढलं, दक्षिण धरली. चरांमधून वर-खाली, गुडघ्यापर्यंत काळी. चाळीस मिनिटांनी पायाखाली कडेवरची वाट लागली आणि धुक्यातून वूल पॅक्सचे ते गोलमटोल धोंडे पुढे आले. एवढा धीर मला कुठल्याच दगडांनी दिलेला नाही.

पुढची वाट नीट झाली. एकूण तीन तास पन्नास मिनिटं.

२६ एप्रिल

परवाच्या चुकीवर घरी शांतपणे विचार केला. चौथं पान पूर्ण बदलतेय. आधी मी लिहिलं होतं, 'किंडर लोवरून कडेने पुढे जा.' धुक्यात कड कुठं असते? आता असं : 'पांढऱ्या खांबापाशी थांबा. होकायंत्र काढा. उतार उजव्या हाताला राहील असं नाही, उतार दिसणारच नाही असं धरून चाला. वाट पायाखाली नसेल तर खांबाकडे परत या. सर्वोच्च बिंदू शोधायला जाऊ नका.' आणि परतीची सोपी बाजू : शंका आली की आल्या वाटेने जेकब्स लॅडर उतरायचं.

धावण्याच्या क्लबातल्या एका ज्येष्ठ गृहस्थांना पान समजावून सांगितलं. चाळीसेक वर्षं ते या सड्यांवर पळतायत. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, पडून पाय मोडला तर काय करायचं ते कुठं आहे? नव्हतं. ते घातलं : ९९९ ला फोन, आधी पोलीस मागायचे, मग माउंटन रेस्क्यू. फोन लागला नाही तर मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबायचं, पुन्हा सहा. येणारी माणसं सगळी स्वयंसेवक असतात. आणि सामान : शिवण चिकटवलेलं पावसाळी जाकीट, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, राखीव खाणं. राजगिऱ्याची वडी थंडीतही दगड होत नाही, ती लिहिली.

१९ मे

किंडरवर पुन्हा, या वेळी भाच्याच्या हातात फक्त माझं पान, मी मागे गप्प. चुकला नाही. दोनदा थांबला, दोन्ही वेळा माझं वाक्य लांबलेलं होतं. तोडली वाक्यं.

कापूसगवताला तुरे आले आहेत, सगळा सडा पांढऱ्या ठिपक्यांचा. ओल्या भागात वाटेवर मोठ्या फरशा टाकल्यात, त्यातल्या बऱ्याच जुन्या सूतगिरण्यांच्या जमिनीच्या. शंभर वर्षांहून जास्त काळ याच गिरण्यांच्या धुरातल्या काजळीने आणि आम्लाने इथलं स्फॅग्नम शेवाळ मारलं, पीट उघडं पडलं आणि वाहून जाऊ लागलं. पीट वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर साठतं. २००३ पासून 'मूर्स फॉर द फ्यूचर' ही भागीदारी चर अडवतेय, शेवाळाची रोपं लावतेय. भाच्याला सांगितलं तेव्हा तो फरशीवरून बाजूला पाय टाकत होता, तो परत फरशीवर आला. पानात कारणासकट लिहिलं : चिखल टाळायला वाटेबाहेर जाऊ नका, वाट रुंद होते आणि पीट मरतं. नुसता नियम सांगितला तर कुणी पाळत नाही.

९ जून

पाचवी वाट स्टॅनेज एजवरून नेणार होते, बॅमफर्ड ते हॅदरसेज. कड्याच्या एका टप्प्यावर पाटी लावलेली : रिंग औझल पक्ष्याची जोडी घरट्यावर आहे, लांबून जा. वाट त्या टप्प्यापुरती कडा सोडून आतून वळवली आणि 'वसंत-उन्हाळ्यात पाट्या बघा' असं लिहिलं. या पक्ष्याला आपण वर्षातून तीन महिने जागा देऊ शकतो.

कड्यावरच्या कातळात वाटीएवढे-परातीएवढे खळगे कोरलेत, पाणी वाहून येईल अशा पन्हळींसकट, आणि प्रत्येकाला नंबर. ग्राउस पक्ष्यांना पाणी प्यायला शिकारीच्या राखणदारांनी कोरलेले. वाटेची खूण म्हणून याहून चांगलं काय मिळणार? धुक्यात नंबर वाढतायत की कमी होतायत ते बघितलं की दिशा कळते, पण सगळीकडे सलग नाहीत. म्हणून मुख्य खूण म्हणून नाही, जोडीला म्हणून नोंदवले.

१४ जुलै

आज घरच्या वाटेवर, वाट सहावी. पाचच ठरवल्या होत्या, पण ही सोडवेना. बॅमफर्ड ते होप, विन हिलवरून, सुमारे १० किमी.

सुरुवात थॉर्नहिल ट्रेलवरून. हा जुन्या रेल्वेचा मार्ग. हाउडन आणि डर्वेंट ही धरणं बांधायला ग्रिंडलफर्डजवळच्या बोल हिल खाणीतून दगड यायचा, दहा लाख टनांहून जास्त, आणि तो या रुळांवरून वर जायचा. हाउडन १९१२ ला पुरं झालं, डर्वेंट १९१६ ला, आणि खालचं लेडीबावर १९४५ ला. लेडीबावरच्या पाण्याखाली डर्वेंट आणि ॲशॉप्टन ही दोन गावं गेली. दुष्काळात पाणी उतरलं की डर्वेंट गावातल्या भिंतींचे अवशेष वर येतात. कोयनेच्या पाण्याखाली आमच्या आजीचं माहेर आहे. ती गाव 'गेलं' म्हणायची, 'बुडालं' म्हणायची नाही. धरणाच्या भिंतीवर मी नेहमीपेक्षा जास्त वेळ थांबले.

मग पार्किन क्लफ. ओढ्याच्या कडेने सरळ वर, हात टेकवत. आपल्याकडची नाळच. जवळजवळ एका किलोमीटरमध्ये पावणेतीनशे मीटर. वर ४६२ मीटरचा कातळमाथा, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला होपचं खोरं. उतरणीला ब्रॅकन नेचे छातीपर्यंत वाढलेत. घरी आल्यावर पायावर दोन गोचिड्या निघाल्या. पान सहा : जून ते सप्टेंबर लांब मोजे, आणि घरी गेल्यावर गुडघ्यामागे, कमरेपाशी नीट बघा. गोचिडीतून लाइम रोग होतो.

११ ऑगस्ट

हेदर फुललं, सड्यावरचं जांभळ्या फुलांचं बुटकं झुडूप. तीन आठवडे सगळा सडा जांभळा. कासची आठवण येणारच होती, पण कासला फुलं पायाशी असतात आणि इथं पोटरीपर्यंत, पळताना परागांचा धूर उडतो आणि मधासारखा वास येतो.

वहिनी पहिल्यांदा आल्या, पहिल्या वाटेवर. घळीत बोलत होत्या, हिगर टॉरवर गप्प झाल्या. बर्बेजच्या पुलापाशी एक जोडपं समोरून आलं, त्या वाट देऊन हेदरमध्ये उभ्या राहिल्या आणि मला हळूच म्हणाल्या, "आपण चुकीच्या जागी नाही ना?" नकाशा उघडून पिवळा रंग दाखवला. बोट ठेवून त्यांनी तो कुठवर जातो ते बघितलं. घडीच्या पलीकडेपर्यंत जात होता.

उद्यापासून ग्राउसच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. काही दिवस काही जमिनी बंद असू शकतात, निघण्याआधी तपासायला सांगणारी ओळ घातली. वणव्याचीही : २०१८ च्या जूनमध्ये उत्तरेकडच्या सॅडलवर्थचा मूर दिवसेंदिवस जळत होता, पीट पेटलं की जमिनीच्या आतून जळतं. कोरड्या दिवसांत काडीसुद्धा ओढायची नाही.

८ सप्टेंबर

वहिनी आज एकट्या तिसऱ्या वाटेवर गेल्या. होप, लूझ हिल, बॅक टॉर, हॉलिन्स क्रॉस, मॅम टॉर, परत हॉलिन्स क्रॉस आणि ईडेलला उतार. सुमारे १२ किमी. ही वाट मी सर्वांत कमी तपासलेली, कारण ती सर्वांत सरळ आहे, धारेवरून धारेवरून. मॅम टॉरची पूर्वेची बाजू सतत ढासळते, तिच्याखालचा रस्ता १९७९ ला कायमचा बंद झाला, तेवढी सूचना मी मोठ्या अक्षरात दिली होती.

दुपारी फोन आला. "पोचले गं, ईडेलला, गाडीची वाट बघतेय. पण तुझ्या पानात चूक आहे. हॉलिन्स क्रॉसला तू लिहिलंयस उजवीकडे उतरा. लूझ हिलवरून येताना उजवीकडे ईडेल आहे, बरोबर. पण मॅम टॉरला जाऊन परत आलं की उजवीकडे कॅसल्टन येतं. तिथं स्टेशन नाही."

त्यांचं शंभर टक्के खरं. मी वळण लूझ हिलवरून येताना टिपलं आणि मॅम टॉरचा फेरा नंतर जोडला. धुकं असतं तर त्या चुकीच्या खोऱ्यात उतरल्या असत्या. "मग तुम्ही कसं ओळखलंत?" विचारलं. म्हणाल्या, "त्या गोल दगडी चौथऱ्याशी उभी राहिले आणि खाली बघितलं. एका खोऱ्यात रूळ दिसत होते."

दुरुस्ती, पान ३, ओळ ९ : 'मॅम टॉरहून परत हॉलिन्स क्रॉसच्या गोल चौथऱ्याशी या. आता डावीकडे, म्हणजे वायव्येला उतरा. हवा स्वच्छ असेल तर खाली रेल्वेचे रूळ दिसतात, ते खोरं ईडेलचं. रूळ दिसत नसतील तर होकायंत्राने वायव्य धरा, मगच पाय खाली टाका.'

बाकी पाचही पानांतली डावी-उजवी वळणं दिशांच्या नावांनी पुन्हा तपासायची. वहिनींना ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी सुट्टी आहे, त्या दिवशी किंडर. भाचा पान धरेल, होकायंत्र त्यांच्या हातात.